डॉक्टर मणेरीकरांची दोन बोटं

डॉक्टर मणेरीकर कुठल्याही विमानाजवळ गेले की आधी त्याच्या शेपटीकडे जायचे. विमान म्हणजे आमचं, कवेत मावेल एवढं, बाल्सा लाकडाचं, रेडिओवर उडणारं. तिथे उकिडवे बसायचे, शेपटीची फळी अंगठा आणि पहिल्या बोटात धरायचे, डोळे मिटायचे आणि ती अगदी हलकेच इकडून तिकडे करून बघायचे. मग डोळे उघडून निकाल द्यायचे, "हलतंय."

धंद्याने ते दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांचे दात ज्या दोन बोटांनी हलवून बघायचे, त्याच दोन बोटांनी रविवारी आमची विमानं. माझ्या विमानाबद्दल "हलतंय" सोडून दुसरा शब्द त्यांच्या तोंडून वर्षानुवर्षं निघाला नाही. मी पंप तयार करणाऱ्या कंपनीत डिझाइन इंजिनियर. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर माझं पोट चालायचं. आणि हा दंतवैद्य डोळे मिटून मला सांगणार की हलतंय! शिवाय ते खरंच हलत असायचं, हा त्यातला सगळ्यात वाईट भाग.

मला त्यांचा हेवा वाटायचा. मत्सर म्हणा, जळफळाट म्हणा, शब्दावरून मी भांडणार नाही. आज इतक्या वर्षांनी माणूस आठवला की आधी तीच जुनी जळजळ वर येते, प्रेमबिम नंतर.

ओळख झाली ती माझ्या दाढेमुळे. आम्ही नुकते दादरहून वाशीला राहायला आलो होतो. तेव्हाची वाशी म्हणजे रस्ते मोठाले आणि माणसं तुरळक. संध्याकाळी खाडीवरून वारा सुटला की नव्या इमारतींच्या रिकाम्या खिडक्या धडाधडा वाजायच्या. आमच्या सेक्टरातल्या दुकानांच्या ओळीत तळमजल्यावर डॉक्टरांचा दवाखाना होता. मी खुर्चीत आडवा झालो, तोंड उघडलं, वर बघितलं, तर छताला विमान टांगलेलं.

या अख्ख्या नव्या शहरात विमानं बनवणारा मी एकटाच, अशा समजात मी होतो. बायकोलाही तसंच सांगितलं होतं. तो समज असा आडवा पडलेला असताना, तोंड उघडं असताना गेला.

"असा बघतोयस म्हणजे तूपण बनवतोस," डॉक्टर म्हणाले. पहिल्या भेटीतच अरेतुरे. "आ कर. अजून मोठा. हां. रडरला काय वापरतोस, सायकलचा स्पोक?"

मी मान हलवली. तोंडात कापूस होता.

"चूक," ते म्हणाले आणि मशीन सुरू केलं.

इथे थोडं सांगायला हवं. अशा विमानाच्या पोटात सर्व्हो नावाच्या इवल्याशा मोटरी असतात. प्रत्येक मोटरीला एक छोटा हात असतो. शेपटीला दोन फळ्या असतात. उभी फळी, म्हणजे रडर, विमानाला डावं-उजवं वळवते आणि आडवी फळी, म्हणजे एलिव्हेटर, वर-खाली नेते. मोटरीच्या हाताला शेपटीच्या फळीशी जोडणारी काडी म्हणजे लिंकेज. खाली उभं राहून तुम्ही कितीही हुशारीने बोट हलवा, ती काडी ढिली असेल तर तुमचं म्हणणं शेपटीपर्यंत पोचत नाही.

मी सायकलचा स्पोक वापरायचो. त्याच्या टोकाला आयते आटे असतात, त्यामुळे लांबी सुताभर कमी-जास्त करता येते. दिसायलाही चकाचक. डॉक्टरांचं म्हणणं असं की बारीक लांब तार ओढायला ठीक, पण ढकलायला गेलं की मधेच पोक काढते. मोटरीने ढकललं बोटभर, शेपटीला पोचलं नखभर. त्यांची लिंकेजं बांबूची. बांबूची काडी सुरीने तासायची, दोन्ही टोकांना दात बांधायच्या तारेचे आकडे लावायचे, वरून दोरा घट्ट गुंडाळायचा आणि सरस चोपडायचा. दिसायला कुंच्यातून उपसलेल्या काडीसारखं गबाळं. पण ते ना वाकायचं, ना ढिलं व्हायचं.

हे सगळं त्यांनी माझी दाढ कोरता कोरता सांगितलं. माझ्याकडे बिनतोड उत्तरं होती. स्पोकला मधे दोन ठिकाणी आधार दिला की तो वाकत नाही, हे मी कागदावर सिद्ध करून दाखवलं असतं. पण आ वासलेल्या माणसाला "आँ, आँ" यापलीकडे काय सिद्ध करता येतं? लिंकेजवरचा आमचा पहिला वाद मी असा हरलो. पुढेही जेव्हा जेव्हा वाद पेटला, तेव्हा माझा कुठला ना कुठला दात नेमका दुखत असायचा.

डॉक्टरांची विमानं कुरूप होती, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. एकाचं नाव त्यांनी स्वतःच 'खेकडा' ठेवलं होतं. एक पंख पिवळा, दुसरा त्यांच्या बायकोच्या जुन्या साडीच्या रेशमाचा, आणि मोडलेल्या ठिकाणी चक्क दाताचं सिमेंट. माझी विमानं लोक हातात घ्यायला घाबरायचे, इतकी देखणी. खेकडा उडायचा आणि माझी देखणी विमानं हवेत जाऊन अंगात आल्यासारखी शेपूट थरथरवायची.

सानपाड्याच्या पुढे बंद पडलेल्या एका मिठागरावर आम्ही उडवायला जायचो. उन्हाळ्यात तिथली जमीन तडकून कडक व्हायची. जागा धर्मा पाटलांची. ते बांधावर बसून सगळा तमाशा बघायचे. माझं विमान बघून एकदा म्हणाले, "पाठकसायेब, तुमचा इमान नवरीवानी हाय. पन उडतं कुटं?" आणि खेकड्याकडे बोट दाखवून, "डाक्तरचा बगा. घार हाय घार!"

आम्ही उडवणारे तिघं. डॉक्टर, मी आणि टेलिफोन खात्यातला गायकवाड. गायकवाड मूळचा परभणीकडचा, बोलायला मवाळ, पण बिघडलेला रेडिओ त्याच्या नुसत्या हातात दिला तरी सुधारायचा. आम्हा तिघांत रेडिओचा संच एकच. गायकवाडच्या मेहुण्याने आखातातून आणलेला. परदेशी वस्तू त्या काळी अशाच यायच्या, कुणाच्या तरी मेहुण्याच्या बॅगेतून. दुसरा मिळणं शक्य नव्हतं. म्हणून आम्ही रिसीव्हर, बॅटरी आणि मोटरी एका लाकडी पाटीवर बसवल्या होत्या. ज्याची पाळी त्याच्या विमानाच्या पोटात पाटी जायची, त्याचं उडवून झालं की उपसून पुढच्याच्या. विमानं तीन, जीव एकच.

त्यामुळे आमच्यात एक रिवाज पडला होता. पाटी बसवली, लिंकेजं अडकवली, की ज्याचं विमान त्याने स्वतः तपासायचं नाही. दुसऱ्याने शेपटीमागे उभं राहायचं आणि मोठ्याने बोलायचं, "उजवं दे. उजवं गेलं. वर दे. वर गेलं." दुसऱ्याने बोलल्याशिवाय विमान सुटायचं नाही. हा रिवाज डॉक्टरांचाच. "स्वतःचा दात स्वतः तपासता येत नाही," असं ते म्हणायचे. आरशात येतो, असं मी म्हणून बघितलं होतं. त्यावर गायकवाडसुद्धा हसला नाही.

आणि एका रविवारी हा रिवाज खुद्द डॉक्टरांनीच मोडला. कुणा पेशंटची गोष्ट सांगत होते. कवळी चहाच्या कपात विसरून गेलेला कुणी म्हातारा. गोष्ट रंगात आली होती, धर्मा पाटील मांडी थोपटून हसत होते आणि बोलता बोलता डॉक्टरांनी पाटी खेकड्यात उलटी बसवली. म्हणजे मोटरींच्या हातांच्या डाव्या बाजूला अडकवायची लिंकेजं उजव्या बाजूला अडकली. तपासायला कुणी उभं राहिलं नाही, कारण सगळे हसत होते. गायकवाडने विमान धावत नेऊन फेकलं. डॉक्टरांनी उजवं दिलं, खेकडा डावीकडे वळला. वर दिलं, तो खाली यायला लागला.

"डॉक्टरसाहेब, उलटं चाललंय की हो! काय करायलात?" गायकवाड ओरडला.

माझ्या मनात त्या क्षणी काय आलं ते सांगतो. आता कळेल! एवढंच आलं. माझं विमान पडायचं तेव्हा जसा धुरळा उडायचा तसा आता यांचा उडणार.

डॉक्टरांनी हातातला रेडिओचा डबा फिरवला. दांडा एकच, तोच डावं-उजवं करणार, तोच वर-खाली. डबाच उलटा धरला की उलट्याचं सुलट होतं. लांबलचक एरियल स्वतःच्या पोटात रुतवून, डबा तसा उलटा धरून, हा माणूस नाकातल्या इंजिनाचं इंधन संपेपर्यंत उडवत राहिला. मग खेकडा अलगद उतरवला आणि पहिलं वाक्य काय, तर "हां, तर तो म्हातारा कपात हात घालतो..."

टाळ्या पडल्या. चूक त्यांनी केली, तीही पोरकट, आणि टाळ्या त्यांनाच. पुढे कित्येक महिने धर्मा पाटील भेटेल त्याला सांगायचे, डाक्तर डबा उलटा धरूनपन इमान उडवतं. माझ्या हातून हीच चूक झाली असती तर लोकांनी माझ्या विमानाचे तुकडे पिशवीत भरून दिले असते. मी त्या रात्री जेवलो नाही. नलिनीने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं, "काय झालं?" मी सगळं सांगितलं. ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बाई गं! डबाच फिरवला?" असं दोन-तीनदा म्हणाली. लग्नाला तेव्हा सात-आठ वर्षं झाली असतील. माझ्या कुठल्याही बोलण्यावर ती कधी अशी हसली नव्हती.

घरातही त्यांचंच राज्य. माझी आई साताऱ्याहून आली की पहिला प्रश्न, "डॉक्टर बरे आहेत ना?" त्यांनी तिला कवळी करून दिली होती. ती घालून आई पुन्हा चिक्की खायला लागली. "हात काय हलका आहे रे त्यांचा," असं माझ्याकडे बघत म्हणायची. माझ्या हाताबद्दल ती काही बोलायची नाही.

आता खरी गोष्ट. आमच्या भागातल्या सोसायट्यांनी मिळून सव्वीस जानेवारीला मैदानावर कार्यक्रम ठरवला. लेझीम, संगीत खुर्ची आणि शेवटी विमान. आम्हाला बोलावणं आलं. वेळ होता एकाच विमानापुरता. कुणाचं न्यायचं?

मला ते उड्डाण हवं होतं. इतकं हवं होतं की सांगायची लाज वाटत नाही. आयुष्यात एकदा, फक्त एकदाच, सगळं मैदान मान वर करून माझ्या विमानाकडे बघत असावं आणि त्यात नलिनी असावी. बाकी काही मागणं नव्हतं. त्यासाठी मी दिवाळीपासून खपून नवीन विमान केलं. पांढरंशुभ्र, पंखांच्या कडेला बारीक निळी रेघ. आणि लिंकेजं? बांबूची. होय. दार लावून घेऊन, डॉक्टरांच्या पद्धतीने तासून, दोरा गुंडाळून, सरस लावून. फळीच्या भोकात तार इतकी चपखल बसवली की कागदसुद्धा आत गेला नसता. ज्याचा हेवा वाटतो त्याचीच नक्कल करावी लागते, यासारखी जळजळ नाही.

आदल्या रविवारी मिठागरावर निवड होती. निवडणार अर्थात डॉक्टर. आपल्याच खेकड्याविरुद्ध ते निवाडा देणार, आणि यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. ते माझ्या विमानामागे उकिडवे बसले. रडर दोन बोटांत धरलं. डोळे मिटले.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, आणि मग त्यांच्या बोटांकडे बघितलं. त्यांनी फळीवरून बोटं उचलली, हवेत धरली, पुन्हा टेकवली. डोळे उघडले आणि मला जवळ बोलावलं. गायकवाड आणि धर्मा पाटील लांब बांधावर होते.

"पाठक, तू धर," ते हळूच म्हणाले. "हलतंय?"

मी धरलं. "नाही," मी म्हणालो. खरंच हलत नव्हतं.

"तेच म्हणतो मी. मग मला का हलल्यासारखं वाटतं?" त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. अंगठा थरथरत होता. बारीक, एका लयीत, त्यांनी न सांगता. "महिनाभर बघतोय. मला वाटायचं सगळ्यांची विमानं ढिली झालीत. तुझं धरलं तेव्हा कळलं. तुझं लिंकेज फर्स्ट क्लास आहे रे. माझं ढिलं झालंय."

मी नुसती मान हलवली. या वेळी तर तोंडात कापूसही नव्हता.

"टेन्शन नको घेऊ," ते म्हणाले. "पेशंटला मी काय सांगतो? हलायला लागला की धरून नाही बसायचं." हात पॅंटच्या खिशात घातला, उठले आणि बांधाकडे बघून ओरडले, "पाठकचं जाणार! खेकडा बाद!"

गायकवाडने माझ्या पाठीवर थाप मारली. धर्मा पाटील म्हणाले, "नवरीचा नशीब उगडला." मी जिंकलो होतो. इतकी वर्षं ज्या एका शब्दाची वाट बघितली, तो फर्स्ट क्लास शब्द मिळाला होता, आणि त्याचा आनंद करायचीसुद्धा सोय त्यांनी ठेवली नव्हती. घरी येऊन मी नलिनीला फक्त निवड झाल्याचं सांगितलं. अंगठ्याचं सांगितलं नाही. ते सांगायचं त्यांचं त्यांनी.

सोमवारी त्यांनी दवाखाना बंद केला. दुसऱ्याच दिवशी. पेशंटना एका ओळखीच्या तरुण डॉक्टरकडे पाठवलं आणि आपण गावी, सावंतवाडीला जाणार असं हसत हसत जाहीर केलं. लोकांना वाटलं, कंटाळले असतील. मला माझी नोकरी एका दिवसात सोडता आली असती का? मी अंगठा लपवला असता, गोळ्या घेतल्या असत्या, दुसऱ्या हाताने दात काढायला शिकलो असतो, पण खुर्ची सोडली नसती. सोडून देण्यातही त्यांचा हात हलका. त्याचाही मला हेवा वाटला, अजून वाटतो.

सव्वीस जानेवारीच्या संध्याकाळी मैदान भरलं होतं. मी मैदानाच्या मधे, हातात रेडिओचा डबा. माझ्या विमानामागे शेपटीशी डॉक्टर उभे, दोन्ही हात खिशात. रिवाजाप्रमाणे तपासणी झाली. "उजवं दे. उजवं गेलं. वर दे. वर गेलं." आवाज तोच, ठणठणीत. मग ते मागे प्रेक्षकांत जाऊन उभे राहिले आणि गायकवाडने विमान सोडलं.

विमान पांढऱ्या बगळ्यासारखं वर गेलं. शेपूट थरथरलं नाही. मी बोट हलवावं आणि त्याने त्याच क्षणी ऐकावं, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. डावीकडे वळवलं, खाडीच्या बाजूने मोठा फेरा घेतला, सूर्यावरून आणलं, मैदानावरून कमरेएवढ्या उंचीवरून सुळकन नेलं आणि पुन्हा वर काढलं. इतकं सुंदर मी आधी कधी उडवलं नव्हतं आणि नंतरही कधी उडवलं नाही. टाळ्या येतील म्हणून मी वाट बघितली. त्याऐवजी मागे हशा ऐकू आला.

मी क्षणभर मागे वळून बघितलं. डॉक्टर निरोप म्हणून कुठलीशी गोष्ट सांगत होते. कपातल्या म्हाताऱ्याचीच असणार. त्यांच्याभोवती अख्ख्या सोसायटीचा घोळका जमला होता. सेक्रेटरी, लेझीमवाल्या मुली, साताऱ्याहून खास आलेली माझी आई, सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. नलिनीसुद्धा. पदर तोंडाला लावून हसत होती. विमान माझं, रेडिओ माझ्या हातात, आणि वर बघणारं कोणी नव्हतं.

एकजण होता. डॉक्टरांचं तोंड गोष्ट सांगत होतं, हात खिशात होते आणि मान वर होती. मी विमान त्यांच्या डोक्यांवर आणून डावीकडे नेलं, मान डावीकडे गेली. मी ते उतरायला आणलं, मान त्याच्याबरोबर खाली आली, चाकं जमिनीला लागेपर्यंत. मग गोष्ट अर्धवट सोडून, सगळ्या डोक्यांवरून ते मला ओरडून म्हणाले,

"नाही हलत रे, पाठक!"